चौदा-पंधरा रेषा

२०२३ चा नोव्हेंबर संपता संपता मनमाडच्या रेल्वे उड्डाणपुलाचा एक भाग ढासळला आणि पुणे-इंदूर महामार्गाची वाहतूक तिथेच थांबली. ज्यांनी मनमाड फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांना या अडचणीचा अंदाज येणार नाही. रुळांनी आमच्या गावाचे दोन भाग केलेले आहेत. मुंबई-भुसावळचा मुख्य मार्ग, दौंडकडे आणि मराठवाड्याकडे निघणारे फाटे, मालगाड्यांच्या रांगा, रेल्वेचा कारखाना, सगळे मधोमध. रुळांच्या एका अंगाला माझे घर, दुसऱ्या अंगाला शाळा. आठवडाभर मी स्कूटीवरून वळसा घालून गेले. मग एका सकाळी स्कूटी अंगणातच ठेवली आणि पायी निघाले, पादचारी पुलावरून पलीकडे.

माझ्या चालण्याची सुरुवात ही अशी झाली. तेव्हा मी ४९ वर्षांची होते. संकल्प नव्हता, डॉक्टरांची ताकीद नव्हती, नवे बूटही नव्हते. शाळेत वेळेवर पोचायचे, एवढेच काम होते. जाऊन-येऊन रोज पाऊण-एक तास व्हायचा. पहिले दोन आठवडे पुलाच्या पायऱ्या चढून वर आले की कठड्याला हात टेकून उभी राहायची. महिन्याभराने एके दिवशी लक्षात आले, की पायऱ्या चढताना मी सोबतच्या बाईंशी बोलते आहे आणि वाक्य मध्येच तुटत नाही. त्या दिवशी मला खरेच आनंद झाला. शरीरात काही बदलले होते आणि ते मी न मागता बदलले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. 'मध्यम' ओळखायची खूणही साधी आहे: बोलता यावे, पण गाता येऊ नये. हे मी नंतर वाचले. पुलाने मला ते वाचण्याआधीच शिकवले होते.

मी भूगोल शिकवते. वीसेक वर्षे फळ्यावर समोच्च रेषा काढल्या आहेत. सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा. रेषा दाटीने आल्या तर चढ तीव्र, लांब लांब असल्या तर चढ मंद. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर दोन रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असते. मुलांना उदाहरण म्हणून मी नेहमी अंकाई-टंकाई सांगायची, कारण वर्गाबाहेर पडून थोडे मोकळ्यावर आले की ती जोडी दिसते. मनमाडपासून दहाएक किलोमीटर, येवला रस्त्याला. अंकाईचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट, पायथ्याच्या सपाटीपासून नऊशे फुटांच्या आसपास. म्हणजे नकाशावर चौदा-पंधरा रेषा. त्या चौदा-पंधरा रेषा मी शेकडो मुलांकडून मोजून घेतल्या होत्या आणि स्वतः त्यातली एकही ओलांडलेली नव्हती. लहानपणी सहलीला लेण्यांपर्यंत गेले असेन, पण आठवत नाही. हे मनात टोचायला लागले ते चालायला लागल्यावरच. त्याआधी कधी टोचले नव्हते.

मनमाडच्या माणसाला डोंगराची ओढ नसते असे नाही. आमच्याभोवती सातमाळा रांगेचे पूर्वेकडचे टोक पसरलेले आहे: कात्रा, मेसणा, गोरखगड, अंकाई-टंकाई. आणि या सगळ्यांत उठून दिसणारी हडबीची शेंडी, उभ्या अंगठ्यासारखा सुळका. गाडीतले प्रवासी त्याला 'थम्सअपचा डोंगर' म्हणतात आणि मोबाइल काढतात. आमच्या नजरा मात्र रुळांकडे असतात. गावातली कितीतरी माणसे रोज नाशिकला अपडाऊन करतात. पहाटे उठायचे, गाडी पकडायची, रात्री परतायचे. उरलेला जीव पाण्याकडे लागलेला. वागदर्डी धरणात पालखेड कालव्याचे आवर्तन कधी येणार, नळ कधी सुटणार, पंधरा दिवसांनी की वीस. ज्या गावात पाण्याचा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवावा लागतो तिथे हौसेने डोंगर चढणे ही गोष्ट पटकन सुचत नाही. याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

मी अंकाईला गेले ती चुकीच्या महिन्यात गेले. २०२४ चा एप्रिल, परीक्षा संपलेल्या, रविवार. घरातली कामे आटोपून निघायला साडेनऊ झाले. नवे बूट घेतले होते. दुकानदाराने सांगितले तसे घट्ट. सोबत एक लिटरची बाटली. आदल्या रात्री मी गणित केले होते. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला, तो अजून वापरतात: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरा आणि चढाईच्या दर ६०० मीटरना एक तास वाढवा. माझे अंतर दोन किलोमीटरांचे आणि चढ पावणेतीनशे मीटरचा. उत्तर तासाच्या आतले आले. या ठोकताळ्यात ऊन नाही, वय नाही, थांबणे नाही, याचा विचार मी केला नाही.

अंकाई गावातून वर निघाले की टंकाईच्या पोटातली जैन लेणी लागतात. काही दुमजली आहेत. त्यांतल्या इंद्राच्या आणि आंब्याखालच्या अंबिकेच्या मूर्ती पाहत मी बरी रेंगाळले, तिथे सावली होती. पुढे दोन गडांमधली खिंड. खिंडीतून डावीकडे अंकाई. तिथून रेषा दाट होतात. फळ्यावर ती दाटी काढताना खडू फक्त जवळजवळ फिरतो. पायांना ती वेगळीच कळते. दख्खनचा हा सगळा प्रदेश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. थरावर थर. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार. म्हणून आपल्याकडचा डोंगर एकसारखा चढत नाही. थोडे चालवतो, मग एकदम उभे करतो, पुन्हा थोडे चालवतो. किल्ले बांधणाऱ्यांनी नेमके उभे थर हेरून त्यांत पायऱ्या कोरल्या आणि तोंडाशी दरवाजे बसवले.

त्या पायऱ्यांवर मला गरगरले. घाम सुटला होता तो अचानक गार लागायला लागला. बाटलीत दोन घोट उरले होते. कानात आवाज, पोटात ढवळून येत होते. मी तिथेच बसले, पण उन्हात. वरून शेळ्या घेऊन एक आजीबाई उतरत होत्या. त्यांनी लांबूनच हाक दिली, "ओ ताई, सावलीला सरका. उन्हात नका बसू." जवळ येऊन माझा दंड धरला आणि दरवाज्याच्या आतल्या बाजूला, जिथे दगड गार होता, तिथे बसवले. "बोलू नका. बूट काढा आधी." त्यांच्याकडे प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी होते, वर ओले फडके गुंडाळलेले. घोट घोट दिले. माझी बाटली उचलून पाहिली. "एवढंच आणलं व्हतं?"

अर्ध्या तासाने मी सावरले. तेव्हा त्यांनी विचारले, "वर काय काम हाये?"

मला उत्तर देता आले नाही. 'असेच' म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. कुणी नवस फेडायला जाते, कुणी अगस्ती ऋषींच्या दर्शनाला, कुणी गवताला, कुणी शेळ्यांमागे. काम असते म्हणून माणूस डोंगर चढतो. तापलेल्या एप्रिलमध्ये बिनकामाचे कुणी चढत नाही.

तो प्रश्न मला पुढचे सहा महिने पुरला.

आधी त्यातले शरीराचे. आपण नव्याने सुरुवात करणारे लोक दमाकडे लक्ष देतो, कारण दम ऐकू येतो. दम मात्र लवकर सुधारतो. स्नायूही काही आठवड्यांत बळावतात. सांध्यांभोवतीच्या कंडरा आणि अस्थिबंध यांना महिने लागतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांची चाल सावकाश. दम वाढला म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि गुडघा मागे राहतो. बहुतेक दुखणी या तफावतीतून येतात. मला स्वतःला त्या एप्रिलनंतर दुखले ते चढण्याने नव्हे, उतरण्याने. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो, जणू गाडीचा ब्रेक. त्यातून होणारी ठणक त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. मंगळवारी शाळेच्या पायऱ्या मी कठड्याला धरून आडवी आडवी उतरले. पण याच स्नायूंची आणखी एक रीत आहे आणि ती मला फार आश्वासक वाटली: तोच उतार दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उतरलात तर ठणक पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी होते. शरीर त्या ठरावीक कामाची आठवण ठेवते.

मग मी सपाटीवर परतले. मे-जूनमध्ये फक्त चालणे, पहाटे साडेपाचला. जुलैपासून आठवड्यातून दोनदा पुलाच्या पायऱ्या, सुरुवातीला तीन फेऱ्या, नंतर दहा. घरी भिंतीला पाठ टेकवून अर्धे बसणे, आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा खालीवर करणे, एवढेच दोन व्यायाम. पिशवीत आधी दोन पुस्तके, मग दोन लिटर पाणी, मग तीन. मनमाडची माणसे व्यायामात मागे नाहीत. आमच्या आकांक्षा व्यवहारेने २०२२ साली युवा जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत रौप्यपदक आणले तेव्हा गाव किती हरखले होते. पण पन्नाशीच्या बाईने पाठीवर पिशवी घेऊन पुलावर खालीवर करणे लोकांना नवे होते. पहिल्या महिन्यात नजरा यायच्या. दुसऱ्या महिन्यात एक शेजारीण सोबत यायला लागली. तिसऱ्या महिन्यात आम्ही चौघी होतो.

आता त्या प्रश्नातले दुसरे, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझ्या आईने आयुष्यात 'व्यायाम' हा शब्द स्वतःसाठी वापरला नाही. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक कळशी, विहीर अर्ध्या कोसावर. उन्हाळ्यात त्याच्याही पुढे. दिवसाला चार खेपा. आजीबाई शेळ्यांमागे रोज जेवढे चढत-उतरत होत्या, तेवढे मी आठवड्यात चढत नव्हते, आणि त्यांच्या पायात रबरी चपला होत्या. शरीराचे काम जगण्यातून निघून गेले, तेव्हा ते वेगळे काढून करावे लागले आणि त्याला व्यायाम हे नाव पडले. आईच्या खेपा परत याव्यात असे मला मुळीच वाटत नाही. त्या खेपांनी तिची मान आणि कंबर दोन्ही गेली. कष्टाचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः ज्याला ते करावे लागत नाहीत त्याला. पण एक गोष्ट तिच्याजवळ होती आणि माझ्याजवळ नव्हती: पाय उचलायला कारण होते. उठायचे की नाही हा प्रश्न तिला रोज सकाळी पडत नव्हता.

नव्याने चालायला लागलेली माणसे का सोडून देतात, हे मी माझ्याभोवती पाहिले आहे. आळस हे कारण क्वचितच असते. वजन काट्यावर हलत नाही, मोबाइलवरचा पावलांचा आकडा एखाद्या दिवशी भरत नाही आणि मन खट्टू होते. दहा हजार पावलांच्या त्या आकड्यामागे तर सुरुवातीला शास्त्रही नव्हते. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विक्रीला आले, त्याचे नावच दहा हजार पावले असे होते, तिथून तो आकडा जगभर गेला. आकडा स्वतःपाशीच संपतो. काम माणसाला पुन्हा बोलावते.

मला माझे काम ऑक्टोबरात सापडले.

पाऊस सरला होता. गवत कमरेएवढे, कुसळे अजून पुरती वाळली नव्हती, तरवड पिवळाधमक फुललेला. आम्ही दोघी साडेपाचला निघालो, उजाडायला पायथ्याशी. तीन तीन लिटर पाणी. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. जुने, सैलसर, चालून चालून मऊ झालेले बूट. घरी चिठ्ठी: कुठे जातो, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत. लेण्यांपाशी थांबलो नाही, खिंडीत दहा मिनिटे थांबलो. मला गरगरले होते त्या पायरीवर पाय पडला तेव्हा छाती धडधडली, ती चढाने नव्हे. मग दरवाजे, कोरीव पायऱ्या, वरची लेणी, आणि एकदम मोकळे पठार. पायथ्याच्या गावातून निघून दोन तास दहा मिनिटे. नेस्मिथच्या दुपटीहून जास्त. मला त्याचे काही वाटले नाही. आम्ही सगळ्या वाटेभर बोलत आलो होतो.

वर अगस्ती ऋषींचे स्थान आहे. विंध्याला नमवून दक्षिणेत आलेले आणि समुद्र प्राशन करणारे अगस्ती. दुष्काळी मुलखाच्या माथ्यावर लोकांनी त्यांनाच बसवावे याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आणि तिथे पाणी होते. पठारावर मोठे तळे, ठिकठिकाणी खडकात खोदलेली टाकी. या काळ्या पाषाणाला फटी नसल्या की पाणी झिरपत नाही, म्हणून एका पावसाळ्याचे पाणी वर्ष काढू शकते. ज्यांनी ही जागा हेरली त्यांना पाऊस किती, खडक कसा, माणसे किती, हे सगळे ठाऊक असणार. हा किल्ला काही आडवाटेचा नव्हता. सतराव्या शतकात तेव्हनो नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून औरंगाबादेला जाताना या वाटेवरचा टप्पा म्हणून त्याची नोंद केली आहे. १६३५ मध्ये तो शाहजहानच्या सरदाराने घेतला, आणि एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेपुढे एकही गोळी न सुटता पडला. त्या एप्रिलमध्ये वरच्या टाक्यांत किती पाणी असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि गेला नाही.

मी वीस दिवसांनी येणाऱ्या नळाच्या गावातली बाई. पाणी मोजणे मला कुणी शिकवायला नको. तळ्याच्या काठाला एक खडक मी खूण म्हणून धरला आणि त्यापासून पाणी किती पावलांवर आहे ते मोजले. वहीत लिहिले. तारीख, पावले, किती टाक्यांत पाणी, कुठले पक्षी. नोव्हेंबरात पुन्हा गेले ते आकडा किती बदलला हे पाहायला. डिसेंबरात पुन्हा. त्यानंतर 'आज जावे का' हा प्रश्न मला पडलेला नाही. वहीतली पुढची ओळ रिकामी असते, ती भरायला जावे लागते.

नवख्याने काय करावे असे मला आता लोक विचारतात, शाळेत, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर. त्यांना बहुधा कळसूबाईचे नाव माझ्या तोंडून ऐकायचे असते, राज्यातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. किंवा एका वर्षात किती किल्ले झाले त्याचा आकडा. मी सांगते, घराच्या सर्वांत जवळचा एक डोंगर धरा आणि त्याच्याकडे वर्षभर जा. हे माझे ठाम मत आहे. नव्या नव्या ठिकाणी नवखा माणूस सगळी शक्ती वाट शोधण्यात आणि घाबरण्यात घालवतो. ओळखीच्या वाटेवर त्याला स्वतःचे शरीर ऐकू येते. ऑक्टोबरात जिथे तिसऱ्यांदा थांबावे लागले तिथे जानेवारीत थांबावे लागले नाही, हे कळायला वाट तीच असावी लागते. डोंगरही एका भेटीत दिसत नाही. फाल्गुनात गवत पिवळे पडते तेव्हा वाटेवरचे मुरमाड खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. श्रावणात त्याच पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात आणि मी अर्ध्यातून परतले आहे, दोनदा. परतायला शिकले हीसुद्धा त्या वाटेचीच देणगी.

परतण्याबद्दल थोडे अधिक बोलते, कारण याबाबतीत मला काळजी वाटते. हडबीची शेंडी दिसायला मोहक आहे आणि कातरवाडीच्या बाजूने तिच्या खांद्यापर्यंत पोचता येते. वरचा सुळका मात्र दोराचे आणि जाणकारांचे काम आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथे सुळक्यावरून उतरताना दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला, आणि ते नवखे म्हणून आलेले नव्हते. तरीही दर पावसाळ्यात मुले नुसत्या चपला घालून त्या बाजूला जाताना दिसतात, फोटोसाठी. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हात जोडून सांगते, सुळका खालून पाहा. तसेच आग्या मोहोळाचे. आपल्या किल्ल्यांच्या कड्यांना आणि लेण्यांच्या छतांना ती पोळी असतात. धूर, भडक अत्तर आणि आरडाओरडा त्यांना सहन होत नाही. स्पीकर लावून गड चढणारी टोळी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. पुन्हाही भांडेन. आणि झुडपात, दगडाखाली हात घालू नका. घोणस आणि फुरसे या मुलखातलेच आहेत. काही झालेच तर ११२ ला फोन करा, पण खिंडीत फोन लागेलच असे धरू नका. म्हणून घरची चिठ्ठी.

बायकांसाठी वेगळे एक सांगायचे आहे. आम्ही चौघी पहिल्यांदा निघालो तेव्हा घरोघरी हाच प्रश्न होता की रविवारचे जेवण कोण करणार. कुणाच्याही गुडघ्याची चौकशी झाली नाही. एकीच्या सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला. आता त्याच सासूबाई लेण्यांपर्यंत येतात, तिथल्या सावलीत बसतात आणि आम्ही उतरेपर्यंत शेंगा सोलतात. त्यांचा डोंगर तेवढा आहे आणि तो पुरा आहे. पाच रेषा चढणाऱ्याला पंधरा चढणाऱ्यापेक्षा कमी काही मिळते असे मला वाटत नाही. लेण्यांपाशी सकाळचा वारा तोच असतो.

आजीबाई मला पुन्हा भेटल्या त्या डिसेंबरात, खिंडीत. मी ओळख सांगायच्या आत त्यांनीच ओळखले. पिशवीकडे बघितले, पाण्याच्या बाटल्या हाताने चाचपल्या. मी त्यांना तिळाची वडी दिली. "आज काय काम?" म्हणाल्या.

"तळं मोजायचंय," मी म्हटले.

त्यांना ते लगेच पटले. मग त्या बराच वेळ बोलल्या. कुठल्या टाक्यात वैशाखातही पाणी असते, कुठले शेळ्यांना चालते, कुठले त्यांच्या लहानपणी प्यायचे होते आणि आता गाळाने भरले. त्यांनी दाखवलेली दोन टाकी मला आधीच्या दोन खेपांत दिसलीच नव्हती, गवताआड होती. त्या दिवशी माझ्या वहीतल्या टाक्यांची संख्या वाढली. यंदा नववीच्या मुलांना घेऊन गेले तेव्हा समोच्च रेषांचा धडा मी खिंडीत शिकवला, नकाशा खडकावर पसरून, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून. एका मुलीने विचारले, की बाई, टाकी नकाशावर का नाहीत. मी तिला म्हटले, तू काढ. ती काढते आहे.

कुणाला यायचे असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. उजाडायला पायथ्याशी असावे, अकराच्या आत उतरावे. माणशी तीन लिटर पाणी घरून आणावे. टाक्यातले पाणी पाहावे, त्यात हात-पाय धुऊ नयेत, बाटल्या टाकू नयेत, ते शेळ्यांचे आणि पाखरांचे आहे. वहीतली शेवटची नोंद ११ जानेवारीची. खुणेच्या खडकापासून पाणी नऊ पावले. सात टाक्यांत पाणी, दोन कोरडी.